चिमाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत

कोणत्या साली घडलं ते आता कुणालाच सांगता येत नाही, इतक्या जुन्या काळची ही हकिगत आहे. लहानांनी ऐकावी, आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाभोवती बांबूची दाट बेटं होती आणि त्या बांबूवरच गावातली बरीच घरं जगत होती. तिथे गेनू नावाचा बुरूड राहायचा. सुपं, टोपल्या, धान्याच्या कणग्या, सगळं तो विणायचा. त्याच्या हातच्या रोवळीतून पाणी निथळतं पण तांदळाचा कण सुटत नाही, असं बायका सांगायच्या. त्याची बायको साळू बांबू चिरून कामट्या काढायची आणि त्या कामात तिचा हात नवऱ्यापेक्षाही हलका होता. दोघांना एकच मुलगी, आठ वर्षांची. तिचं नाव चिमा.

चिमा बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांशी येऊन अडून बसायचं. ती डोळे मिटायची, मान जराशी हलवायची, आणि मग शब्द बाहेर यायचा. तोवर कधी कधी चुलीवरचं दूध उतू जायचं. पण गावात त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही. विहिरीवरच्या बायका हातातला दोर तसाच धरून तिचं ऐकायच्या. असं थांबावं लागतं हे तिला जन्मापासून पाहत आलेल्या त्या माणसांच्या लक्षातही येत नव्हतं.

एका वर्षी बांबूला फुलोरा आला. मुलांनो, बांबूला दरवर्षी फुलं येत नाहीत. माणसाच्या अख्ख्या जन्मात एखाद्या वेळी येतात, आणि आली की डोंगरभर एकदम येतात. फुलं झडली की बेटंच्या बेटं वाळून जातात. बी रुजून पुन्हा तोडण्याजोगा बांबू होईपर्यंत मांडीवरचं मूल जाणतं होतं. गावातल्या बुरुडांनी वाळक्या बेटांकडे पाहिलं आणि एकेका घराने बोचकी बांधायला घेतली.

त्याच सुमाराला मीठ लादलेले बैल घेऊन एक तांडा गावाबाहेर उतरला. तांड्याचा नायक म्हातारा होता, रूपला त्याचं नाव. चार दिशांचे देश त्याने पायांनी तुडवले होते. गेनू त्याच्याकडे गेला.

"नायक, कोणता देश चांगला?"

"कशासाठी चांगला?"

"हाताला काम मिळेल आणि कामाची कदर होईल, असा."

"मग कनकावतीला जा," रूपला म्हणाला. "तिथला राजा कारागिरांना घर देतो. तुझ्यासारखा हात दिसला तर राजवाड्यातच ठेवून घेईल."

साळूने मागून विचारलं, "तिथली माणसं कशी आहेत?"

"माणसं चांगली आहेत, पोरी. फक्त घाईत असतात."

गेनू हसला. "घाईत असणाऱ्यांकडेच काम असतं," तो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात तिघं कनकावतीच्या वाटेला लागली.

रूपलाने सांगितलं तसंच झालं. गेनूने विणलेला एक बांबूचा पडदा राजवाड्याच्या कारभाऱ्याने पाहिला. पडद्यावर उडत्या बगळ्यांची रांग होती, आणि वारा आला की बगळे हलल्यासारखे वाटायचे. कारभाऱ्याने त्याला तिथल्या तिथे कामावर ठेवलं. कौलारू घर मिळालं, दारात दुभती गाय आली. साळू आयुष्यात पहिल्यांदा कोरं लुगडं सणाशिवाय नेसली. गावाकडच्या नातेवाइकांना निरोप गेला की गेनूने देश अगदी बरोबर निवडला.

चिमाचं मात्र बारीकसारीक अडायला लागलं.

आईने तिला गूळ आणायला पाठवलं. दुकानदारापुढे उभं राहून ती म्हणाली, "ग... ग..." दुकानात गर्दी होती. दुकानदाराने गहू मापून तिच्या पिशवीत घातले आणि तिच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. चिमा गहू घेऊन घरी आली. साळूला हसू आलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा साळू स्वतःच दुकानात जायला लागली.

पाठशाळेत गुरुजी एकेका मुलाकडून पाठ म्हणून घ्यायचे. चिमाची पाळी आली की पहिल्या अक्षरालाच ते हात वर करायचे. "पुरे हो बाळ. पुढचा." ते काही वाईट नव्हते. आपण पोरीची सुटका केली असंच त्यांना वाटायचं. पण चिमाला सगळे पाठ येत होते, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

घरीही हळूहळू तेच सुरू झालं. संध्याकाळी गेनू थकून यायचा. चिमा त्याच्याजवळ बसून म्हणायची, "आ... आबा, आज श... श..."

"शाळेत काही झालं? शेंगदाणे हवेत? शेजारणीने काही म्हटलं? सांग की पटकन."

गावी असताना गेनूने तिला कधी 'पटकन' म्हटलं नव्हतं. साळूही तिचे अर्धे शब्द स्वतःच पूर्ण करायला लागली. काम लवकर उरकायचं. मग चिमा मानेनेच हो-नाही करायला लागली. पुढे तेही कमी झालं. शेजारणी म्हणायच्या, "किती शांत पोर आहे तुमची." साळूला ते ऐकून बरं वाटायचं. पोर मोठी होतेय, शहाणी होतेय, असं ती मनाशी म्हणायची.

एके दिवशी सकाळी चिमा अंथरुणातून उठलीच नाही. अंग तापलं होतं. साळूने पांघरूण काढलं तर डावा पाय घोट्यापर्यंत सुजून काळानिळा पडला होता. गेनू धावत वैद्याला घेऊन आला. वैद्याने तळव्याला चीर दिली आणि आतून बोटभर लांबीचा बांबूचा सल काढला.

"हा चार-पाच दिवस तरी आत असणार," वैद्य म्हणाला. "आणखी एक दिवस गेला असता तर पाय गेला असता. पोरगी चालत कशी होती? तुमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही?"

वैद्य गेल्यावर गेनू तिच्या उशाशी बसला. "चिमे, एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

चिमाने डोळे मिटले. त्या दिवशी गेनू थांबला. किती तरी वेळ गेला, आणि मग ती म्हणाली, "तु... तुम्ही थकलेले असता. म... माझं बोलणं लांबतं."

गेनू उठून अंगणात गेला. तिथे कामट्यांचा ढीग पडला होता. तो त्या ढिगाशेजारी खाली बसला आणि तोंडावर उपरणं धरून रडला. थोड्या वेळाने साळू येऊन त्याच्याजवळ बसली.

"तुम्ही एकटे नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा तिचे शब्द तोडत होते. मला तर ते कळतही नव्हतं."

"आपण इथून जायचं," गेनू म्हणाला.

साळू लगेच हो म्हणाली नाही. तिचं घर लागलं होतं. गायीला वासरू झालं होतं. पुढे अंगावर फाटकं येईल, पोटाला कमी मिळेल, हे तिला दिसत होतं. दोन दिवस ती गायीपाशीच घुटमळत राहिली. तिसऱ्या दिवशी चिमाच्या पायाची पट्टी बदलता बदलता तीच म्हणाली, "जायचं. पण या वेळी कुणाला विचारून नाही. आपण तिघं जाऊन पाहू. जिथे जाऊ तिथे चिमा बोलेल आणि आपण गप्प राहू."

कारभाऱ्याला ते पटलं नाही. "अरे, पुढच्या महिन्यात तुला सगळ्या बुरुडांचा मुख्य करणार होतो. पोरीसाठी चांगला वैद्य पाहू. बोलणं सुधारेल तिचं."

"कारभारी, तिला सगळं बोलता येतं," गेनू म्हणाला. "उशीर लागतो, एवढंच. त्याला वैद्य काय करणार?" त्याने हत्यारं झोळीत भरली, गाय-वासरू शेजाऱ्यांच्या हवाली केलं, आणि चिमाचा पाय बरा झाल्यावर तिघं निघाली.

आधी तिघं एका देवभोळ्या देशात पोहोचली. तिथली माणसं फार मायाळू होती. चिमा अडखळली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कुणी जीभ सुटावी म्हणून मधात अक्कलकाऱ्याची मुळी उगाळून चाटवायचं, कुणी तिच्या नावाने नवस बोलायचं, येणारी-जाणारी बाई 'बिचारी गं' म्हणून तिच्या गालावरून हात फिरवायची. काम मिळालं, राहायला ओसरी मिळाली. वीस दिवसांनी चिमा आईला म्हणाली, "इ... इथं मला आजारी असल्यासारखं वाटतं." साळूने त्याच दुपारी बोचकी बांधली.

तिथून पुढे बरेच दिवस चालल्यावर एक नदी लागली. इतकी रुंद की पलीकडची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. काठाला नाव लागलेली होती. नावेत माशांची पाटी घेतलेली एक बाई, तेलाचा बुधला सांभाळणारा एक म्हातारा आणि दोन शेळ्या होत्या. नावाडी नाव सोडण्याच्या बेतात होता. सगळ्यांत पुढे चिमा उभी होती, म्हणून त्याने तिलाच विचारलं, "कुठं जायचं, बाई?"

"प... प... प..."

गेनूचं तोंड उघडलं. साळूने त्याचा हात घट्ट दाबला आणि त्याने तोंड मिटलं.

नावाडी हातात दोर धरून उभा राहिला. माशांची पाटी घेतलेली बाई चिमाकडे पाहत राहिली, पण तिने भुवया उंचावल्या नाहीत की मान वेळावली नाही. पाणी नावेच्या कडेला डुबुक डुबुक आपटत होतं.

"प... पलीकडे," चिमा म्हणाली.

आता नाव पलीकडे जाणार नाही तर जाणार कुठे? पण नावाड्याने काही तरी कामाची गोष्ट कळल्यासारखी मान डोलावली. "पलीकडेच चाललोय. बस. शेळीला जरा सरकव."

नाव पाण्यात गेल्यावर त्या बाईने चिमाला विचारलं, "पलीकडे कुणाकडे गं?" आणि चिमाचं उत्तर येईपर्यंत ती पुन्हा थांबली. नदी ओलांडेपर्यंत चिमा बोलतच होती. वर्षभरात ती एवढं बोलली नव्हती.

उतरताना गेनूने नावाड्याला विचारलं, "दादा, तुमच्याकडे कुणाला घाई नसते का?"

"असते की," नावाडी म्हणाला. "पण नदी केवढी आहे पाहिलीत ना? पलीकडून कुणी हाक मारली की वाऱ्यावर ती तुकड्यातुकड्याने येते. अर्धी ऐकून नाव सोडली तर फेरी फुकट जाते. मग पूर्ण ऐकायची सवय लागते. तुम्ही राहायला आलाय का?"

गेनूने साळूकडे पाहिलं. "हो," साळू म्हणाली.

आता खोटं कशाला सांगू, तिथे त्यांचे दिवस सोपे गेले नाहीत. तिथला बांबू भरीव आणि चिवट होता. त्याच्या बारीक कामट्या निघत नव्हत्या. बगळ्यांचे पडदे तिथे कुणाला नको होते. सगळ्यांना हवे होते मासे धरायचे सापळे, आणि ते गेनूला येत नव्हते. राही नावाची एक म्हातारी ते विणायची. राजवाड्यात काम केलेला गेनू तिच्यापुढे शिकाऊ म्हणून बसला. त्याचा पहिला सापळा नदीत टाकला तेव्हा त्यातून सगळे मासे निघून गेले.

"पडदा सुरेख झालाय," राही म्हणाली. "मासे त्यातून बाहेर बघत होते."

गवताने शाकारलेलं झोपडं होतं. साळूला कधी कधी कनकावतीची गाय आठवायची आणि तिचे हात थांबायचे. पण मग बाहेरून चिमाचा आवाज यायचा, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत, आणि साळू कामाला लागायची.

त्या गावात एक रीत होती. बाहेरून आलेल्या घराने वर्षभर राहिल्यावर गावसभेपुढे उभं राहायचं, आणि आपल्याला इथेच का राहायचं आहे ते सांगायचं. गावाला पटलं तर घराला कायमची जागा मिळायची. नाही पटलं तर महिन्याच्या आत निघायचं. सभेच्या मधोमध गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई बसायची. तिला सगळे आक्का म्हणायचे.

गेनूची पाळी आली तेव्हा नदीकाठी सगळं गाव जमलं होतं. सुरुवातीलाच हिरोजी नावाचा एक कोळी उठला.

"माझं या माणसाशी वैर नाही," तो म्हणाला. "पण हा राजवाड्यातला कारागीर. तो देश सोडला, त्याआधी स्वतःचं गाव सोडलं. उद्या आपलंही गाव सोडेल. अशाला जागा कशाला द्यायची?"

गेनूने आठ दिवस शब्द जुळवून ठेवले होते. तो उभा राहिला. नदी आईसारखी आहे, गाव देवासारखं आहे, असं बोलला. बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते पोकळ वाटायला लागलं.

"असं सगळेच बोलतात," हिरोजी म्हणाला.

गेनूने साळूकडे पाहिलं. तेवढ्यात त्याच्या शेजारून चिमा उठली.

"म... म... मी सांगते," ती म्हणाली.

सगळं घर आता या पोरीच्या बोलण्यावर येऊन थांबलं होतं.

"क... कनकावतीत माझ्या पायात सल गेला होता. मी कुणाला सांगितलं नाही. सां... सांगायला वेळ लागला असता." ती थांबली. डोळे मिटले. पुढचा शब्द येईना. पलीकडच्या काठावरून कुणी तरी नावेला हाक मारली. सभेत बसलेल्या नावाड्याने, थांबा, म्हणून नुसता हात वर केला आणि पुन्हा चिमाकडे पाहिलं.

गेनूला तिचा पुढचा शब्द माहीत होता. तो त्याच्या जिभेवर आला होता. त्याने तो गिळला.

"इ... इथं एकदा माझं पोट दुखलं. मी राहीआजीला सांगितलं. ति... तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि ऐकलं." चिमाने श्वास घेतला. "अ... अजून एक आहे."

"सांग," आक्का म्हणाली.

सावली बोटभर सरकली असेल. मुलं चुळबुळली नाहीत. शेवटी चिमा म्हणाली, "आ... आता आबापण ऐकतात."

ती खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शाबासकी दिली नाही. एका मुलीने सांगायचं ते सांगितलं होतं आणि लोकांनी ऐकलं होतं.

आक्काने हिरोजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "जागा वरच्या अंगाला द्या यांना. खाली पाणी चढतं."

त्या वरच्या अंगाला गेनूने घर बांधलं. पुढे तो सापळे चांगले विणायला लागला, राहीपेक्षा चांगले मात्र कधीच नाही. साळूने एक गाय पाळली. चिमा मोठी झाली, तिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली. तिचं अडखळणं जन्मभर गेलं नाही आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. आक्कानंतर काही वर्षांनी गावाने सभेत मधोमध तिला बसवलं. तिच्या काळात सभा लांबायच्या, पण बोलायचं राहून गेलं, असं म्हणत कुणी घरी परतलं नाही.

गेनू म्हातारा झाल्यावर दूरदूरची तरुण माणसं त्याच्याकडे यायची आणि विचारायची, "बाबा, तुम्ही तीन देश पाहिलेत. कोणता देश चांगला?" गेनू त्यांना देशाचं नाव सांगायचा नाही. तो त्यांना बसायला सांगायचा, पाणी द्यायचा, आणि विचारायचा, "आधी मला सांगा, तुमच्या घरात कोण कोण आहे?" आणि त्यांचं सांगून होईपर्यंत ऐकत राहायचा.

बोध हाच: परका देश निवडताना तिथे आपल्याला काय मिळेल एवढंच पाहू नये, आपल्या घरातल्या सगळ्यांत नाजूक माणसाला तिथे मोकळेपणाने जगता येईल का, ते आधी पाहावं.